नारळ खाऊन कोण मेललो?

आमच्या घरात नारळावर बंदी आली ती एका झेरॉक्स कागदामुळे.

दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. वय ६१. नोकरीची बत्तीस वर्षं मुंबईत काढून निवृत्तीनंतर मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिले, आणि दीड वर्षात हे. हॉस्पिटलमधून निघताना डिस्चार्जच्या फायलीबरोबर आहाराचा एक कागद हातात आला. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट. 'टाळा'च्या रकान्यात पहिलाच शब्द नारळ. त्याखाली खोबरेल, अंड्याचा बलक, कोळंबी, तूप. 'चालेल'च्या रकान्यात ब्राउन ब्रेड, मारी बिस्किटं, टोस्ट, रिफाइंड तेल.

आता मालवणात राहणाऱ्या माणसाला नारळ टाळा म्हणणं म्हणजे हिंजवडीत राहणाऱ्याला ट्रॅफिक टाळा म्हणण्यासारखं आहे :) पण आई पडली शिस्तीची. तिने दुसऱ्या दिवसापासून बांगड्याचं तिखलं कांदा-टोमॅटोच्या वाटणात करायला सुरुवात केली. सोलकढीची झाली नुसती कोकमाची कढी. बाबा निमूटपणे दोन घास खायचे आणि तासाभराने भूक लागली की बिस्किटांचा डबा उघडायचे. कागदाप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं.

आजीला (वय ऐंशीच्या पुढे, दात चार, आवाज खणखणीत) हे अजिबात मान्य नव्हतं. मी सुट्टीला घरी गेलो तेव्हा तिने मला पडवीत गाठलं आणि विचारलं, "झिला, तू एवढो शिकलंस मा? मग माका एक नाव सांग. नारळ खाऊन कोण मेललो?"

मला एकही नाव सांगता आलं नाही.

पुण्याला परत आलो आणि मी शोधायला बसलो. माझ्यासारख्या माणसाची खोड तुम्हाला माहीत असेलच. एकदा एखादा बग दिसला की झोप लागत नाही. शोधताना एक वेगळंच जग सापडलं. चरबी निर्दोष आहे, कोलेस्टेरॉल ही औषध कंपन्यांची थाप आहे, पूर्वजांसारखं खा आणि मजेत राहा! मला ते भयंकर पटलं. आजीच्या प्रश्नाला शेवटी इंग्रजीत उत्तर मिळालं होतं ना. मी त्यातले चार व्हिडिओ बाबांना पाठवून दिले.

बाबांनाही ते पटलं. इतकं पटलं की त्यांनी कुणालाही न सांगता कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा एलडीएल ६८ वरून १४१ वर गेलं होतं. "अरे, तूच तर पाठवलंस ते," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी हा विषय जरा नीट वाचतो आहे. आजचा लेख त्या वाचनाचा हिशोब आहे. नारळ त्या रकान्यात गेला कसा, आणि त्याला तिथून बाहेर काढताना माझं काय चुकलं?

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. २४ सप्टेंबर १९५५ ला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि एका रात्रीत हृदयविकार हा घराघरातला विषय झाला. मिनेसोटाचे शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज दोन वर्षं आधीपासून एक आलेख दाखवत होते. सहा देश, आडव्या अक्षावर आहारातली चरबी, उभ्या अक्षावर हृदयविकाराने होणारे मृत्यू. खाली कोपऱ्यात जपान, वर टोकाला अमेरिका, मधे सुंदर चढती रेघ. १९५७ मधे येरुशाल्मी आणि हिलेबो या दोघांनी दाखवून दिलं की आकडे तर २२ देशांचे उपलब्ध होते, आणि सगळे घेतले की ती रेघ बरीच विस्कटते. (विस्कटते म्हणजे नाहीशी होत नाही. हा तपशील त्या व्हिडिओंमधे सोयीस्करपणे गाळलेला असतो.)

कीज गप्प बसणारे नव्हते. १९५८ मधे त्यांनी सात देशांतल्या १२ हजारांहून जास्त पुरुषांचा मोठा अभ्यास सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. निष्कर्षाचा रोख आता चरबीकडून संपृक्त मेदाकडे, म्हणजे पाकिटावर लिहिलेल्या सॅच्युरेटेड फॅटकडे वळला. जानेवारी १९६१ मधे कीज 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकले. त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेद कमी करण्याचा सल्ला दिला. १९७७ मधे अमेरिकी सिनेटच्या समितीने तो साऱ्या राष्ट्राला दिला. नारळ पहिल्या झटक्यात सापडला, कारण खोबरेलातला ८० टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त असतो. हे प्रयोगशाळेशिवायही कळतं. पुण्यात डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते ना, ते त्यामुळेच. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं.

पण त्या सात देशांमधे भारत नव्हता. मग भारताचं काय?

इथे मला माझ्या आवडीचा सापडलेला माणूस सांगतो. डॉ. एस. एल. मल्होत्रा, रेल्वेचे डॉक्टर, मुंबईत पश्चिम रेल्वेत. रेल्वे म्हणजे विद्याची खाणच. देशभर पसरलेले, एकाच पगारश्रेणीतले, एकाच मालकाचे लाखो कर्मचारी, आणि प्रत्येकाची नोंद ठेवलेली. मल्होत्रांनी अकरा लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या नोंदी घेऊन हृदयविकाराच्या मृत्यूंची तुलना केली आणि १९६७ मधे ती 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधे छापून आली. निकाल उलटाच होता. दूध, दही, तूप भरपूर खाणाऱ्या पंजाबकडच्या कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी चरबी खाणाऱ्या, आणि तीही मुख्यतः बियांच्या तेलातून खाणाऱ्या, दक्षिणेकडच्या कर्मचाऱ्यांमधे हे मृत्यू सुमारे सातपट होते!

हे वाचून मी खुर्चीतच उडालो होतो. चर्चगेटच्या रेल्वेने कीजचा पराभव केला वगैरे. पण आता जरा थांबून बघू. मल्होत्रांचा अभ्यास कोणत्या जातीचा आहे? दोन गट घ्यायचे, त्यांच्या खाण्यातला एक फरक पकडायचा आणि मृत्यूंशी जोडायचा. पंजाब आणि मद्रासमधे फरक फक्त तुपाचा होता का? उंची, हवा, गहू-तांदूळ, सगळंच वेगळं. म्हणजे कीजच्या आलेखात जो दोष आहे तोच इथेही आहे. कीजला नापास करणाऱ्याला मल्होत्रांना पास करता येत नाही. मी मात्र खुशाल केलं होतं, कारण उत्तर मला हवं तसं होतं.

मग नुसतं बघण्याऐवजी प्रत्यक्ष प्रयोग कुणी केला की नाही? केला. मिनेसोटातच १९६८ ते १९७३ या काळात मनोरुग्णालयांत आणि एका शुश्रूषागृहात नऊ हजारांवर लोकांवर. अर्ध्यांना नेहमीचं जेवण, अर्ध्यांना संपृक्त मेदाऐवजी मक्याचं तेल. प्रमुख होते आयव्हन फ्रांट्झ, आणि सोबत स्वतः कीज. कोलेस्टेरॉल ठरल्याप्रमाणे उतरलं. मृत्यू मात्र उतरले नाहीत. निकाल छापायला १९८९ उजाडलं आणि तेव्हाही पूर्ण विश्लेषण बाहेर आलं नाही. पुढे फ्रांट्झ यांच्या घराच्या तळघरात त्यांच्या मुलाला जुनी खोकी सापडली. त्यात कागद आणि मॅग्नेटिक टेप! त्या टेप वाचून २०१६ मधे रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी निकाल पुन्हा मांडला. आमच्या धंद्यात जुना बॅकअप रिस्टोअर करताना काय घाम फुटतो हे ठाऊक असल्यामुळे मला या मंडळींबद्दल नितांत आदर आहे.

(याही प्रयोगाला मर्यादा आहेत. त्यातले बरेच लोक थोडेच दिवस प्रयोगात होते. पण 'तेल बदला, आयुष्य वाढेल' हे इतकं सरळ नाही, एवढं तरी त्यातून दिसतंच.)

हे झालं शास्त्रज्ञांचं. आपल्या स्वयंपाकघरात दरम्यान काय चाललं होतं? त्यासाठी शिवडीला जावं लागेल.

द्रव तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की ते तुपासारखं घट्ट होतं. ही युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांची, १९०२ ची. अमेरिकेत त्यातून १९११ मधे क्रिस्को आलं. आपल्याकडे लीव्हर कंपनीने १९३१ मधे हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, १९३२ मधे शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनू लागलं, आणि १९३७ मधे त्याला नाव मिळालं डालडा. शिवडी, लालबाग, परळ! म्हणजे आमचे सगळे चाकरमानी जिथे राहत होते तिथेच. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. गावी येताना पत्र्याचा ट्रंक, आणि त्यात आजीसाठी शहरी शान म्हणून डालड्याचा एक पिवळा डबा. रिकामा झालेला तो डबा आमच्या मागच्या दारी कढीपत्त्याच्या रोपासह कित्येक वर्षं होता.

वनस्पतीला तेव्हा विरोध झाला नव्हता असं नाही. गांधीजींनी जाहीर विरोध केला होता, १९५० च्या सुमारास संसदेत बंदीच्या विधेयकावर वाद झाला. पण मुख्य तक्रार होती तुपातल्या भेसळीची. त्यावर उपाय निघाला तोही भेसळीपुरताच. वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं, म्हणजे तुपात कुणी वनस्पती मिसळलं तर तिळाच्या तेलाच्या रासायनिक चाचणीला लाल रंग येऊन चोरी पकडली जाईल. डोकं लढवून काढलेला उपाय! पण खरा चोर आतच होता. अर्धवट हायड्रोजन जोडताना तयार होणारे ट्रान्स फॅट. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमीही करतं, हे १९९० मधे नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटन यांनी दाखवलं. आपल्याकडे एफएसएसएआयची २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली जानेवारी २०२२ मधे. १९३७ ते २०२२. मधली ८५ वर्षं हिशोबात कुठे धरायची?

आणि १९९० च्या आधी तर उलटीच गंगा वाहत होती. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेने उष्ण प्रदेशातल्या तेलांविरुद्ध, म्हणजे पाम आणि नारळाविरुद्ध, जोरदार मोहीम काढली. १९८८ मधे ओमाहाच्या फिल सोकोलोफ नावाच्या उद्योजकाने (स्वतः हृदयविकारातून वाचलेला, हेतू प्रामाणिक) वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या की अमेरिकेला विष घातलं जातंय, आणि त्यासोबत खोबरेल वापरणाऱ्या बिस्किटांची चित्रं. कंपन्यांनी घाबरून खोबरेल आणि पामतेल काढलं. त्या जागी घातलं काय? बहुतेक ठिकाणी अर्धवट हायड्रोजन जोडलेलं सोयाबीन तेल. म्हणजे डालड्याचाच भाऊ.

आपल्याकडे याचा शेवट आणखी मजेशीर आहे. १९९४ मधे पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त पामतेल फरसाणात, बिस्किटात, वेफर्सच्या पाकिटात जाऊन बसलं. पामोलिनमधेही ४० टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेद असतो. म्हणजे मालवणातला माणूस कढीतला नारळ सोडतो आणि बिस्किटातून पामतेल खातो. बाबांच्या कागदावर 'चालेल'खाली काय होतं ते आठवा.

तर मंडळी, इथपर्यंत आलात तर तुम्हाला वाटेल की आजी जिंकली. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून गेल्या मे महिन्यात मी तिच्यासमोर वही घेऊन बसलो. म्हटलं, तू लहान असताना तुम्ही किती तेल खायचात ते सांग. पूर्वजांचा आहार म्हणतात तो नोंदवून ठेवू.

आजी हसायलाच लागली. "तेल होता खय रे तेवा? पावशेर हाडला तर म्हयनोभर पुरवूचा लागा. नारळ बाजारात जायत. घराक रवत ते फुटके."

मग तिने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणचं. दुपारी भात किंवा नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी. मासे मिळाले तर तारली, पेडवे, बांगडा, म्हणजे जे स्वस्त ते. पावसात समुद्र बंद, तेव्हा गोलमा नाहीतर भाजलेला सुका बांगडा. तांदूळ संपला की वरी, फणसाच्या आठळ्या, रानातली भाजी. तळण फक्त सणाला. सुरमई-पापलेट घरात शिजल्याची तिला लग्नाआधीची एकच आठवण आहे. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मुठेल, ते तर टाचेच्या भेगांना लावायला. आणि हे सगळं खाऊन डोक्यावर भारा घेऊन दोन डोंगर चढायचे.

पुण्यात लाकडी घाण्याच्या खोबरेलाच्या बाटलीवर 'आजीच्या काळातलं पोषण' असं छापलेलं असतं. आजीच्या काळात त्या बाटलीएवढं तेल घरात एका वेळी नसायचं! आपण पूर्वजांचा आहार म्हणतो तेव्हा त्यांच्या सणाचं ताट रोज मागतो, आणि उरलेल्या ३६० दिवसांची पेज विसरतो.

मग मी तिला तिचाच प्रश्न परत विचारला. तेव्हा हार्टने कोणी मेलं नाही?

"हार्टाचो डॉक्टर खय होतो? माणूस चालता चालता पडलो काय म्हणत, देवचारान झोडल्यान."

माझ्या सगळ्या वाचनापेक्षा हे एक वाक्य मोठं आहे. मृत्यूचं कारण लिहून ठेवणारं कोणी नसेल तर त्या आजाराने कोणी मेलं नाही असंच दिसणार. शिवाय हृदयविकार मुख्यतः पन्नाशीनंतर गाठतो. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं. ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे, हे खरं, पण ताप, बाळंतपण आणि क्षय यांतून वाचून साठी गाठणारेही तेव्हा कमीच. आजीची पाच भावंडं. त्यातली तीन दहा वर्षांची व्हायच्या आत गेली. त्यांना नारळाने मारलं नाही, पण वाचवलंही नाही.

मग नारळ खाणाऱ्यांचं खरंच काय होतं ते बघायला जागा आहे का? आहे, पण ती कोकणात नाही, पॅसिफिक महासागरात. टोकेलाऊ नावाची चिमुकली प्रवाळबेटं. तिथल्या लोकांच्या रोजच्या ऊर्जेतला तब्बल ६३ टक्के भाग नारळातून यायचा. न्यूझीलंडच्या इयान प्रायर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मधे लिहिलं की त्यांचं कोलेस्टेरॉल चढं आहे, पण हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार विरळ आहेत. हा भाग सगळे सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९६६ च्या चक्रीवादळानंतर यातले बरेच लोक न्यूझीलंडला स्थलांतरित झाले. तिथे त्यांच्या जेवणातला संपृक्त मेद कमी झाला, साखर आणि पिठूळ पदार्थ वाढले, वजन वाढलं, रक्तदाब वाढला, मधुमेह वाढला, आणि कोलेस्टेरॉलसुद्धा सुधारण्याऐवजी बिघडलं.

हे वाचताना मला लालबागच दिसत होतं. आमचे चाकरमानी दुसरं काय होते? पेजेवरून पाव-बटरवर, डोंगरावरून चाळीच्या जिन्यावर, खाडीवरून गिरणीच्या तिसऱ्या पाळीत. नारळ उलट कमी झाला, कारण मुंबईत तो विकत घ्यावा लागायचा! एकाच वेळी दहा बदल प्रॉडक्शनला ढकलायचे आणि सिस्टिम कोसळली की अकराव्या, न बदललेल्या मॉड्यूलला दोष द्यायचा, असं आमच्या हापिसात कोणी केलं तर त्याचं अप्रेझल होणार नाही.

आणि कोसळणारी सिस्टिम कोणती आहे हेही बघायला हवं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपली लहानखुरी बाळं स्नायूंनी कमी आणि चरबीने त्या मानाने भरलेली निघाली. बारीक, पण आतून लठ्ठ. २००४ मधे 'लॅन्सेट'मधे याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. कोणाची किती ते सांगायला नकोच. आईच्या आणि तिच्या आईच्या उपासमारीचा हिशोब नातवाच्या पोटावर निघतो. म्हणजे पूर्वजांकडून आपल्याला मिळालं ते त्यांचं आरोग्यच असं नाही, त्यांची भूकही मिळाली आहे. त्या शरीराला दुपारी चारची खारी आणि दिवसभराची खुर्ची महागात पडते.

असो. आता बाबांच्या गोळीकडे येतो, कारण माझी खरी चूक तिथे झाली.

आहाराच्या सल्ल्याचा इतिहास गोंधळाचा आहे म्हणून कोलेस्टेरॉलचा सगळाच विषय थाप आहे, अशी उडी मी मारली. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. एलडीएल धमन्यांत साचतं आणि त्या बंद करतं याचे पुरावे कीजच्या आलेखावर उभे नाहीत. ज्यांना जन्मतःच एलडीएल फार चढं असतं त्यांना कोवळ्या वयात झटके येतात. त्या आजाराचं मूळ शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. १९९४ मधे स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवर स्टॅटिन गोळीची चाचणी झाली, अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी. खरी घेणाऱ्यांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. इथे पंजाब-मद्रास नाही, देशादेशांचे आलेख नाहीत. चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट आहेत. बाबा नेमके त्याच प्रकारचे रुग्ण आहेत.

आणि नारळ? २०२० मधे 'सर्क्युलेशन' मासिकात १६ चाचण्यांचा एकत्रित हिशोब आला. इतर वनस्पतिज तेलांच्या तुलनेत खोबरेल एलडीएल सुमारे १० अंकांनी वाढवतं. त्याच वर्षीच्या कोक्रेन आढाव्यात संपृक्त मेद कमी केल्याने हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना साधारण १५ ते २० टक्के घटलेल्या दिसतात, एकूण मृत्यूंमधे मात्र फारसा फरक नाही. दुसरीकडे २०१६ मधे केरळमधे सुमारे २०० हृदयरुग्णांना दोन वर्षं खोबरेल किंवा सूर्यफूल तेल दिलं, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण त्यांचे नेहमीचे औषधोपचार चालू होते, हे विसरू नका! थोडक्यात काय, तर खोबरेल विष नाही आणि अमृतही नाही. ते एक तेल आहे. (ते खायचं की डोक्याला लावायचं यावर करासाठी खटला चालून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मधे निकाल दिला की छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेल म्हणून धरता येतं. एवढं मात्र आजीला आधीपासून माहीत होतं.)

पुसट झेरॉक्स कागद आणि माझे व्हिडिओ यांत एक साम्य आहे. दोघांनी एका जेवणातला एक जिन्नस उचलला, एकाने त्याला खलनायक केला, एकाने नायक. जेवण कोणी बघितलं नाही. किती, कशासोबत, कोणत्या शरीरात, दिवसभर काय करून, हे विचारायला कागदावर जागा नव्हती आणि व्हिडिओला वेळ नव्हता.

बाबांच्या डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं, माझ्या फॉरवर्डसकट. ते फारसं बोलले नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली आणि म्हणाले की जेवणाचं नीट बसून ठरवू. आता घरी असं चालतं. तिखल्यात नारळ परत आला, पण पूर्वी अख्खा असायचा तिथे अर्धी कवड. तेल मोजून. बांगडा आणि तारली आठवड्यातून तीनदा, तळून नाही. बिस्किटांचा डबा बंद, त्यात आता आजीने काजू लपवलेत. बाबा सकाळी बंदरापर्यंत चालत जाऊन येतात. एलडीएल ७२ आहे.

रात्री नऊ वाजता आजी स्वतः त्यांना हाक मारते, "गोळी घेतलंस?" गोळी कशाची आहे ते तिला नीट माहीत नाही. पण देवचार चालता माणूस उचलून नेतो हे तिने डोळ्यांनी बघितलंय, आणि मुलाला त्याच्या हवाली करायची तिची तयारी नाही.

तुमच्याही घरी एखादी आजी असेल तर या विकांताला तिच्याजवळ बसा. कोणतं तेल खायचीस एवढंच विचारू नका. किती खायचीस, उरलेल्या दिवशी काय खायचीस, आणि तुझी भावंडं किती होती आणि किती उरली, हेही विचारा.